कुठल्या तोंडानं विचारायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खेड्यात काम करणाऱ्या एखाद्या नर्सबाईंना विचारून पाहा, ‘‘तुम्ही धूम्रपान करता का?’’ त्या आधी तुमच्याकडे बघतील, मग हसतील. बाईमाणसाला विचारायचा हा प्रश्न आहे का, असा भाव त्या हसण्यात असेल. उत्तर ‘नाही’ असंच येईल आणि ते खरं असेल. ते लिहून घ्या, पुढच्या गावाला जा, तिथल्या नर्सबाईंना विचारा. तिथंही ‘नाही’च. दहा गावं फिरून आलात की तुमच्या वहीत एक मोठा समाधानकारक निष्कर्ष जमा होईल, की आपल्या ग्रामीण परिचारिका तंबाखूपासून लांब आहेत.

सगळी उत्तरं खरी आणि निष्कर्ष मात्र खोटा, असं इथं होतं. कारण आपण विचारलं धुराबद्दल, आणि आपल्याकडच्या बाईची तंबाखू धुरातून येतच नाही.

आकडे सांगतो. २०१६-१७ साली देशभर प्रौढांच्या तंबाखूसेवनाची मोठी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या बायकांपैकी बिडी-सिगरेट ओढणाऱ्या निघाल्या शंभरात १.४. म्हणजे धड दीडसुद्धा नाही. आणि धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या किती? शंभरात १६.६. दर सहा बायकांमागे एक. या सहावीला ‘धूम्रपान करता का’ असं विचारणं म्हणजे ताक पिणाऱ्याला ‘दारू पिता का’ असं विचारण्यासारखं आहे. तो बिचारा नाहीच म्हणणार. फरक एवढाच, की इथं ताकाच्या वाटीत ताक नाही.

या बायकांपैकी पुष्कळजणी वापरतात ती मशेरी. कुठं मिश्री म्हणतात, कुठं मिसरी. शहरात वाढलेल्या तरुण वाचकांनी कदाचित ती पाहिली नसेल, म्हणून सांगतो. बाजारातून काळी तंबाखू आणायची. ती तव्यावर टाकून कोळशासारखी होईपर्यंत भाजायची. त्या वेळी घरात जो खकाणा उठतो, त्यानं शेजारच्या तीन घरांना ठसका लागतो. लहान मूल पाळण्यात असेल तर तेही खोकतं. गार झाली की चुरायची, वस्त्रगाळ करायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर डाव्या तळहातावर चिमूटभर घ्यायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. पाच मिनिटं घासणारी बाई विरळा. पाऊण-पाऊण तास बोट तोंडात असतं. दारापुढं बसून, शेजारणीशी बोलत, चुलीवरच्या पाण्याकडं लक्ष ठेवत. दुपारी जेवणानंतर पुन्हा, रात्री पुन्हा. नाव दात घासण्याचं, काम तलफ भागवण्याचं.

तंबाखू आपल्या मुलखाला चारशे वर्षांची ओळखीची. अकबराच्या दरबारातला असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विजापूरला आला होता. त्याला ही नवलाईची चीज इथं दिसली आणि परतताना त्यानं ती बादशहासाठी नेली. बादशहानं ती ओढून पाहिली तेव्हा हकीम आडवा आला, म्हणाला, आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, हिच्या वाटेला जाऊ नये. मला त्या हकिमाचं कौतुक वाटतं. त्याला निकोटीन ठाऊक नव्हतं, कर्करोगाशी तिचा संबंध ठाऊक नव्हता, पण ‘नको’ म्हणायला त्याची जीभ अडखळली नाही. ती का अडखळली नाही, हा आजच्या बोलण्यातला कळीचा मुद्दा आहे.

मला हे सगळं कळलं ते माझ्या थोरल्या बहिणीमुळं. आम्ही तिला आपा म्हणतो. गाव तिला नर्सबाई म्हणे. १९८३ ते २०१८ अशी पस्तीस वर्षं ती आरोग्यसेविका होती, त्यातली बरीचशी माणदेशातल्या कोरड्या गावांत. सरकारी मापानं सपाट प्रदेशातलं एक उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येसाठी असतं, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांसाठी. कागदावर हे नीट दिसतं. प्रत्यक्षात आपाच्या वाट्याला पाच गावं होती आणि त्यांच्या वाड्यावस्त्या ओढ्यापलीकडं, माळापलीकडं विखुरलेल्या. लसीचा डबा खांद्याला लावून ती चालायची. सकाळी साडेसहाची एस.टी. पकडायची म्हणून पोटात फक्त चहा. वाटेत आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं. दुपारी दोनला कुणाच्या तरी ओसरीवर भाकरी. रात्री बाळंतपण आलं तर दिवस संपलाच नाही असं समजायचं.

मशेरी तिनं आमच्या घरून नेली नाही. ती तिला नोकरीत भेटली. एका वस्तीवर बाळंतीण अडलेली, वैशाखाची रात्र, गाडी सकाळशिवाय नाही. गावची सुईण शेजारी बसलेली. मध्यरात्र उलटल्यावर आपाचे डोळे मिटायला लागले, तेव्हा सुईणीनं डबी पुढं केली. ‘‘बाई, चिमूटभर लावा. झोप उडंल.’’ झोप उडाली. भूकही मेली. पहाटे बाळ रडलं, आपानं नाळ कापली, आणि ती सुईणमावशी व आपा दोघी मोरीवर बसून चूळ भरत होत्या. पुढं ही डबी आपाच्या पिशवीत कायमची आली, थर्मामीटर आणि कात्रीच्या शेजारी.

सुईण थापा मारत नव्हती, हे ध्यानात घेतलं पाहिजे. निकोटीन खरोखरच झोप पळवतं, भूक मारतं, काही वेळ मन एका जागी आणतं. हिरडीची त्वचा पातळ असते, तिच्यातून ते थेट रक्तात उतरतं. बायका सांगतात, ‘मशेरी लावल्याबिगर परसाकडला होत नाही.’ शहरातली शिकलेली माणसं यावर हसतात. हसू नये. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं आणि ते एकाएकी बंद केलं की बद्धकोष्ठ होतं, हे वैद्यकशास्त्र सांगतं. त्या बाईचं निरीक्षण अचूक आहे. तिला एवढंच कुणी सांगितलेलं नसतं, की तंबाखूनं आधी आतड्याला सवय लावली आणि आता ती त्या सवयीचं भाडं वसूल करते आहे. दाढदुखीचंही तसंच. मशेरीनं घटकाभर बधिर वाटतं, आत कीड आपलं काम चालू ठेवते.

आता आपाच्या पिशवीतल्या दुसऱ्या वस्तूकडं, म्हणजे वहीकडं वळू. गरोदर बाई नोंदवली की आपा तिला नाना प्रश्न विचारायची. कितवी खेप, मागचं मूल किती वर्षांचं, पायावर सूज आहे का, चक्कर येते का. वजन घ्यायची, रक्तदाब बघायची, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायची, लोहाच्या गोळ्या मोजून हातात ठेवायची आणि ‘चहाबरोबर घेऊ नगंस’ असं दटावायची. तंबाखूचं मात्र कधी विचारायची नाही. मी एकदा विचारलं, ‘‘आपा, हे का गं गाळतेस?’’ ती म्हणाली, ‘‘कुठल्या तोंडानं विचारू?’’

हा वाक्प्रचार मी आयुष्यभर ऐकला, कवितेतही वापरला असेल. पण इतका शब्दशः खरा तो मला कधी भेटला नव्हता. दात काळे, हिरड्या काळ्या. त्या तोंडानं समोरच्या सुनेला ‘मशेरी सोड’ म्हणायचं, तर दारातून सासू म्हणणार, ‘‘नर्सबाई सोता लावत्यात की!’’ आणि सासूचं चूक नाही. गावात नर्सबाई जे करते त्याला औषधाची किंमत येते. ती उकळलेलं पाणी पिते म्हणून चार घरं पाणी उकळतात. ती मशेरी लावते म्हणून चाळीस घरांना मशेरी निर्धोक वाटते.

न विचारलेल्या या प्रश्नाची किंमत किती, ते मोजलं गेलं आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी या संशोधकांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेतला. त्यांचा अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. या बायकांत १७ टक्के तंबाखू वापरणाऱ्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मशेरी. त्यांची बाळं इतरांच्या बाळांपेक्षा सरासरीनं १०५ ग्रॅम हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली.

१०५ ग्रॅम म्हणजे काय? वाण्याकडं तुम्ही एवढ्या वजनावरून भांडणारही नाही. पण उपकेंद्रात बाळाला झोळीत घालून काट्याला टांगतात, तेव्हा तिथं एक रेघ असते, अडीच किलोची. तिच्याखाली गेलं ते कमी वजनाचं बाळ. त्याला ऊब कमी पडते, दूध ओढायची ताकद कमी, पहिल्याच थंडीत फुप्फुसं भरायची भीती. जे मूल दोन किलो सहाशेचं व्हायचं, ते १०५ ग्रॅम गमावलं की रेघेखाली जातं. आधीच दोन किलो तीनशेचं व्हायचं असेल, त्याचं काय होत असेल ते नर्सबाईंना जास्त ठाऊक.

हे घडतं कसं? सिगरेट ओढणाऱ्या आईच्या रक्तात धुरातला कार्बन मोनॉक्साइड जातो आणि प्राणवायूची जागा अडवतो. मशेरी लावणारीच्या बाबतीत तो भाग नाही. पण निकोटीन आहे. ते रक्तवाहिन्या आवळतं, वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि पुढं अंगावरच्या दुधातही उतरतं. शिवाय तव्यावर भाजल्यानं तंबाखूतलं विष जळून जातं ही समजूत उलटी आहे. भाजताना काजळीच्या जातीची कर्करोगकारक द्रव्यं नव्यानं तयार होतात आणि तंबाखूची स्वतःची असतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखू माणसात कर्करोग घडवते असा स्वच्छ निर्वाळा दिला, त्याचा ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला.

कायदा या तव्यापर्यंत पोचत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ साली देशात बंदी झाली. पण ती कारखान्यातल्या मंजनाला. पाकिटांवर रोगट तोंडाची चित्रं छापायची सक्ती २००९ पासून आहे. पण आठवडी बाजारात सुटी तंबाखू वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळते. त्या कागदावर चित्र असलंच तर एखाद्या पुढाऱ्याचं असतं.

आणि आरोग्य केंद्राच्या भिंती! मी आपाबरोबर पुष्कळ केंद्रं पाहिली. प्रत्येक ठिकाणी सिगरेटवर लाल काट मारलेली पाटी: ‘धूम्रपान निषिद्ध’. पाटीखाली बाकावर तपासणीला आलेल्या बायका. त्यांच्यातल्या एकीनंही उभ्या जन्मात सिगरेट हातात धरलेली नसते. पाटी त्यांना उद्देशून नाही हे त्यांना बरोबर कळतं. बाजूच्या बेसिनमध्ये काळ्या थुंकीचे ओघळ असतात, तेही कुणाला दिसत नाहीत. मी चित्रकार असतो तर त्या पाटीवर तवा काढला असता.

परदेशात ही गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. अमेरिकेत १९७६ साली पत्रं धाडून १,२१,७०० परिचारिकांच्या सवयींची आणि आजारांची नोंद सुरू झाली. ती वर्षानुवर्षं चालू राहिली. सुरुवातीला त्यांच्यातली जवळजवळ प्रत्येक तिसरी बाई सिगरेट ओढत होती. दिवसाला एक ते चार सिगरेटींनीही बाईच्या हृदयविकाराचा धोका दुपटीवर जातो, हे १९८७ साली याच नोंदींतून पुढं आलं. म्हणजे परिचारिकांनी स्वतःचीच तपासणी करून जगाला शहाणं केलं. २००३ पर्यंत त्यांच्यातल्या ओढणाऱ्यांचं प्रमाण ८.४ टक्क्यांवर आलं होतं. मला या आकड्यापेक्षा त्या सुरुवातीचं मोल वाटतं. कुणीतरी त्यांना सरळ, त्यांच्या सवयीच्या नावानं विचारलं, आणि नोकरी जाईल, अब्रू जाईल अशी भीती न बाळगता त्यांनी लिहून दिलं. आमच्या आपाला पस्तीस वर्षांत वरिष्ठांनी कुटुंबनियोजनाच्या किती केसेस केल्या हे दर महिन्याला विचारलं. तुम्ही मशेरी लावता का, सोडायला मदत हवी का, हे एकदाही नाही.

विचारलं ते शेवटी एका दंतवैद्यानं. गावात शिबिर होतं, आपा रांग लावत होती. रांग संपल्यावर त्यानं सहज म्हटलं, ‘‘सिस्टर, आता तुम्ही बसा.’’ खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. त्यानं घाबरवलं नाही. म्हणाला, तंबाखू थांबवलीत तर असे चट्टे पुष्कळदा मागं फिरतात, नाही थांबवलीत तर कुठं जातात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आपानं दोनदा सोडली आणि दोनदा धरली. पहिल्यांदा चार दिवस, दुसऱ्यांदा तीन आठवडे. बाहेरून बघणाऱ्याला हा दुबळेपणा वाटतो, पण बहुतेकांची सुटते ती अशीच, अडखळत. आमच्या घरात रमजानचे रोजे असतात. सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तोंडात काही जायचं नाही, मशेरीही नाही. पहिले तीन दिवस आपाचं डोकं ठणकायचं, भाचरांवर ती उगाच डाफरायची. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुपार सोपी जायची. निकोटीनचं असंच आहे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत शरीराची कुरकुर बरीच ओसरते, आणि एकेक तलफ म्हणाल तर काही मिनिटांचीच असते. ती लाटेसारखी येते, तेवढी टळली की उतरते. पण इफ्तारनंतर आपाचा हात डबीकडं जायचाच, कारण शरीर सुटलं तरी वेळ आणि जागा सुटत नाही. तो ओसरीचा कोपरा, तो जेवणानंतरचा तांब्या.

तिसऱ्या खेपेला तिनं कोपराच बदलला. दात घासायला ब्रश घेऊन ती परसात उभ्यानं जाऊ लागली, बसायचंच नाही. डबी घरात ठेवली नाही. जेवणानंतर बडीशेप. सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके, कारण पोटाची तक्रार येणार हे तिला ठाऊक होतं आणि तिथंच आपण मागं फिरतो हेही ठाऊक होतं. औषधांच्या दुकानात निकोटीनचा च्युइंगगम मिळतो, तो तिनं महिनाभर वापरला. गरोदर बाईनं मात्र तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सहा महिन्यांनी दंतवैद्यानं पाहिलं तेव्हा चट्टा अंधूक झाला होता.

त्यानंतर आपाच्या वहीत एक रकाना वाढला. तिनं तो पट्टीनं स्वतः आखला होता. प्रश्नही तिनं घासूनपुसून घेतला होता. ‘मशेरी लावतेस का?’ असं ती विचारायची नाही, कारण त्याला बाई पटकन ‘नाही’ म्हणून मोकळी होते. ती विचारायची, ‘‘दिवसातून किती वेळा लावतेस गं?’’ जणू लावणं गृहीतच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग उत्तर यायचं, ‘‘दोनदा… न्हाई, तीनदा.’’ पुढचा प्रश्न, ‘‘उठल्यावर किती वेळानं?’’ हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत जिला लागते, तिची पकड घट्ट असते, तिला एकट्यानं सोडणं जड जातं. सासू दारात असायचीच. तिनं ‘‘बाई, तुमीबी लावत व्हताच की’’ म्हटलं की आपा ओठ खाली ओढून आतला डाग दाखवायची. मग सासूही जवळ येऊन बघायची. दोन-तीन ठिकाणी तर सुनेच्या आधी सासूनंच स्वतःचा ओठ दाखवला.

आपा निवृत्त झाली तेव्हा गावोगावी आशाताई आल्या होत्या. त्या त्याच गावच्या सुना, काहींच्या कमरेला तीच डबी. विदर्भात गेलात तर डबीच्या जागी खर्ऱ्याची पुडी, सुपारी-तंबाखू-चुन्याची. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ नावाचं मोठं काम दारू आणि तंबाखू अशा दोन्हींविरुद्ध चाललं आहे. पुडी असो की डबी, आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला आधी स्वतःसाठी मदत मिळाली पाहिजे, आणि तीही खालच्या मानेनं मागावी लागता कामा नये. तिच्या प्रशिक्षणात एक दुपार यासाठी काढली, वर्षातून एकदा तिच्या तोंडाची तपासणी केली, तर सरकारचं फार काही खर्च होणार नाही.

तंबाखू सोडायची असणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची एक मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. क्रमांक १८००-११-२३५६. आपानं तो खडूनं आमच्या ओसरीच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं परवा तो बघितला आणि विचारलं, ‘‘ह्यो बिडीवाल्यांचाच हाय, का मशेरीला बी चालतो?’’

मशेरीलाही चालतो.